अक्रोडाच्या बुंध्याची वहिवाट

मी, मेव्हिस अ‍ॅग्नेस बार्लो, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा खुर्च्या व सोफे मढवणे (आता बंद), राहणार घर नंबर तीन, चॅपल रो, मुक्काम ब्रॅकन ब्रो, लँकशायर, आज सोमवार दिनांक ९ फेब्रुवारी २०२६ रोजी राजीखुशीने लिहून ठेवते की, माझं डोकं ठिकाणावर आहे. मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. दारूचं म्हणाल तर नाताळची उरलेली शेरी, अर्धा पेला, तीही काल. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता. तो अजूनही नाही, पण बुंध्याचा प्रश्न आला आहे.

वकीलबाई मिस अख्तर यांनी मला छापील नमुना दिला होता. रिकाम्या जागा भरा म्हणाल्या. रिकाम्या जागा एवढ्याशा आहेत की त्यात माझं नाव जेमतेम मावतं, मनातलं कुठे मावणार? म्हणून मी माझ्या वहीत लिहिते आहे. मिस अख्तर यांनी ते कायद्यात बसवावं, मात्र बसवताना त्यातली मजा काढून टाकू नये.

कलम १. हे मृत्युपत्र करण्याचं कारण.

माझ्या भावाचा मुलगा स्टुअर्ट बार्लो हा माझा एकुलता भाचा. नवीन वर्षाच्या दिवशी तो जेवायला आला, मटणाच्या रश्श्यावर आडवा हात मारला आणि मग बागेत जाऊन पावलं मोजायला लागला. मी खिडकीतून बघत होते. दोनदा गेला, दोनदा आला.

"आत्या, हा बुंधा उपटला ना, की इथे दोन गाड्या आरामात लागतील."

"तुझ्याकडे एकच गाडी आहे, स्टुअर्ट."

"जागा झाली की दुसरी येतेच गं."

मुलगा वाईट नाही. मला न सांगता माझ्या गटारी साफ करून जातो. पण माझ्यामागे त्या बुंध्याला कोणी हात लावू नये, एवढी एकच माझी इच्छा आहे. घर, पैसा, भांडीकुंडी हे सगळं त्या एका इच्छेभोवती कसं वाटायचं ते ठरवायला मी बसले आहे.

कलम २. माझ्या स्थावर मिळकतीची चतुःसीमा.

घर तीन खोल्यांचं, दगडी, छपराच्या पाट्या गेल्या साली बदललेल्या. मागे बाग. उत्तरेस चॅपलची भिंत. दक्षिणेस कुरण व मेंढ्या. पश्चिमेस रस्ता व बसथांबा. पूर्वेस हिरवं कुंपण आणि त्याच्या पलीकडे क्लिफर्ड नटल.

क्लिफर्ड नटल म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, वय एक्याऐंशी, बिनलग्नाचे. एक्केचाळीस वर्षं माझे शेजारी. ते कांदे लावतात. खायचे कांदे नव्हेत, प्रदर्शनाचे. एकेक कांदा लहान मुलाच्या डोक्याएवढा. सप्टेंबरात क्लबमध्ये तराजू मांडतात आणि ज्याचा कांदा सगळ्यात जड त्याला करंडक. त्या करंडकापायी आमच्या गावातली चांगली शहाणी माणसं कामातून गेलेली आहेत.

कलम ३. अक्रोडाचं झाड.

माझ्या जन्माच्या साली बाबांनी नाताळच्या वाडग्यातला एक अक्रोड न फोडता बागेत पुरला. लँकशायरच्या थंडीत अक्रोड पिकत नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच पिकले नाहीत, पण झाड मात्र चॅपलच्या छपराच्या वर गेलं. जुलैच्या सुरुवातीला हिरवे अक्रोड काढायचे, मढवायची जाड सुई आरपार जाते का ते बघायचं, आणि गेली तर व्हिनेगरमध्ये लोणचं घालायचं. चीजबरोबर ते लोणचं खाल्लं की माणूस अर्धा तास कोणाशी भांडत नाही.

या झाडाची सावली दुपारनंतर मास्तरांच्या कांद्यांवर पडायची. त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. पालिकेचा माणूस आला, खोडावर टिचक्या मारल्या, म्हणाला आत पोकळ झालंय, वादळात चॅपलवर पडेल. दुसऱ्या आठवड्यात झाड गेलं. ही गोष्ट साडेनऊ वर्षांपूर्वीची. झाड मुळापासूनच जायचं, पण बाबांनी माझ्या झोपाळ्याची दोरी बांधायला खाली ठोकलेला खिळा कापणाऱ्यांच्या यांत्रिक करवतीला लागला, तिची साखळी तुटली, आणि ते वैतागून निघून गेले. म्हणून कमरेइतका बुंधा राहिला.

मी तीन दिवस बागेत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर बागेत हे एवढं ऊन. बुंध्याच्या माथ्यावर लख्ख ऊन आणि पलीकडे मास्तर आपल्या कांद्यांना उन्हात न्हाऊ घालत उभे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांना ऊन हवं होतं ना? म्हटलं, घ्या ऊन. पण मोजून घ्या.

कलम ४. बुंध्याचं सूर्यघड्याळ कसं झालं, कारण पुढे कोणी विचारलं तर चुकीचं सांगू नये.

बुंध्याचा माथा मी खरकागदाने घासला आणि जवसाचं तेल पाजलं, वर्षभर. मधल्या पोकळीत बाबांच्या फावड्याचा दांडा ठोकून बसवणार होते. सरळ उभा. एक दिवस कुंपणाच्या फटीतून पुठ्ठ्याचा एक त्रिकोण आला, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: 'चोपन्न अंश. टोक उत्तरेकडे. उभा ठोकाल तर महिन्याभरात वेळ चुकेल.' खाली सही नाही. अक्षर मास्तरांचं. मी त्या त्रिकोणाप्रमाणे दांडा तिरका बसवला, तो केवळ पुठ्ठा चांगला होता म्हणून.

मग तास मांडायचे. जूनमधला एक अख्खा उन्हाचा दिवस मिळायला आमच्या गावात तीन आठवडे लागले. मिळाला त्या दिवशी पहाटे पाचला मी झोपायच्या कपड्यांत बागेत. स्वयंपाकघराच्या घड्याळात तास पडला की धावत जायचं, सावलीवर शिंप्याच्या खडूने रेघ ओढायची आणि घुमटासारख्या डोक्याचे पितळी खिळे ठोकायचे. एक वाजताच्या रेघेला एक, दोनला दोन, बाराला बारा. आमच्या धंद्यात खिळे तोंडात धरतात, जिभेने एकेक पुढे ढकलायचा आणि लोहचुंबकी हातोडीने उचलून ठोकायचा. त्या दिवशी मी संध्याकाळी नऊपर्यंत कोणाशी बोलले नाही, कारण तोंडात खिळे होते. मास्तर दिवसभर काहीतरी सांगायला बघत होते.

दुसऱ्या दिवशी तोंड मोकळं झालं तेव्हा ते म्हणाले, "बार्लोबाई, तुम्ही उन्हाळी वेळेने तास मांडलेत. ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे जातील. बुंधा कसा मागे घेणार?"

"मास्तर, ऑक्टोबरात आपल्याकडे ऊन असतं कुठे?"

त्या ऑक्टोबरात असं ऊन पडलं की विचारू नका. सगळ्या गावाने घड्याळं मागे केली, माझा बुंधा आपला तासभर पुढे. तोपर्यंत मी दुकानात, चॅपलात, बसथांब्यावर जाहीर करून बसले होते की घड्याळं खोटं बोलतात, सूर्य बोलत नाही. आता शब्द कसा गिळायचा? मास्तर फटीतून म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी कुंपणाच्या कडेला हाताला आला तो कांदा त्यांना फेकून मारला आणि म्हटलं, बुंधा मागे जाणार नाही. गावाला जायचं असेल तर गावाने जावं.

तेव्हापासून नऊ हिवाळे माझ्या घरातली सगळी घड्याळं बुंध्याप्रमाणे चालतात.

कलम ५. त्यातून झालेले घोटाळे, ज्यांबद्दल मी कोणाची माफी मागत नाही.

दातांच्या दवाखान्यात मी दर हिवाळ्यात दार उघडायच्या आधी पायरीवर. माझ्या जुन्या गिऱ्हाईक मिसेस हॅलम वारल्या, तेव्हा दहनगृहात तासभर आधी पोचले आणि भलत्याच माणसाच्या अंत्यविधीला बसले. नळ दुरुस्त करणारे कोणी गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल मुलगा इतकं छान बोलला की मला हुंदका आवरेना. नंतर त्यांच्या बायकोने माझा हात धरून विचारलं, "तुमची ओळख कुठली?" मी म्हटलं, "आजचीच." त्यांनी मला हॅमचे सँडविच बांधून दिले. मिसेस हॅलमच्या वेळी मग मला रडू आलं नाही, सगळं खर्च झालं होतं.

एक मात्र सांगायला हवं. या नऊ वर्षांत रोज चार वाजता कुंपणाच्या फटीत चहाचा मग येतो. दूध जास्त, साखर नाही, मला लागतो तसाच. मी घेते, धुऊन परत ठेवते, आभार मानत नाही. बुंध्यावर सावली चार खिळ्यांवर आली की मग हजर, ढगाळ दिवशी स्वयंपाकघरात चारचे ठोके पडले की हजर. मी मनात म्हणायचे, माणूस कटकट्या आहे पण वेळेचा पक्का आहे.

कलम ६. जंगम.

लोहचुंबकी हातोडी, वाकड्या सुया, पट्टे ताणायचं लाकूड आणि उरलेले पितळी खिळे, दर गुरुवारी गावच्या सभागृहात मढवणं शिकणाऱ्या बायांना. त्यांनी खिळे तोंडात धरताना हसू नये. बँकेत जे काही असेल ते स्टुअर्टला. अक्रोडाच्या लोणच्याच्या तीन बरण्या उरल्या आहेत, त्यातली एक स्टुअर्टला, जरी त्याला ती आवडत नसली तरी. त्याने ती माझ्या फोटोसमोर बसून संपवावी.

कलम ७. घर स्टुअर्टला. मात्र बुंधा व त्याभोवतीची चहूबाजूंनी दोन हात जमीन क्लिफर्ड नटल यांना. ही भेट नसून शिक्षा आहे. ज्यांच्या पत्राने झाड गेलं त्यांनी तो बुंधा रोज बघावा, त्याची निगा राखावी आणि शरमावं.

कलम ८. बुधवार, १८ फेब्रुवारी. वरचं लिहून झाल्यावर जे घडलं ते.

मिस अख्तर म्हणाल्या होत्या की दोन साक्षीदार लागतील. मला वाटलं, माझ्या सगळ्या तक्रारींच्या खाली खुद्द मास्तरांचीच सही घ्यावी, म्हणजे काम कसं चोख होईल. म्हणून मी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बागेतल्या लाकडी खोपटात गेले. आत दिव्याखाली कांद्याची रोपं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बी पेरायचं असा त्यांच्यातला रिवाज, त्यामुळे रोपं आता बोटभर झाली होती आणि मास्तर त्यांना दोऱ्याने आधार देत होते.

भिंतीवर दोन घड्याळं. एकात दहा, दुसऱ्यात अकरा. दोन्हींखाली रोपांना लावतात तशा पांढऱ्या पट्ट्या. दहावाल्या घड्याळाखाली लिहिलेलं 'गाव'. अकरावाल्याखाली 'मेव्हिस'.

मी जवळ जाऊन दोन्ही पट्ट्या पुन्हा वाचल्या.

"हे काय आहे?"

"घड्याळ," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"ते दिसतंय. दोन कशाला?"

"एक कांद्यांचं. दुसरं चहाचं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिवाळ्यात माझे चार म्हणजे गावाचे तीन. नऊ हिवाळे हा माणूस गावाच्या तीनला, क्लबातला पत्त्यांचा डाव अर्धा टाकून, घरी येऊन किटली चढवत होता.

"नऊ वर्षं?"

"फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात दोन्ही सारखीच असतात, तेव्हा एकाचा सेल काढून ठेवतो."

"सांगायचं होतं ना, मास्तर."

"पहिल्या वर्षी सांगितलं. तुम्ही कांदा फेकून मारलात."

"तो सडका होता."

"माझाच होता," ते म्हणाले. "बियाण्यासाठी राखून ठेवला होता."

मी बसायला काही आहे का बघितलं. एक स्टूल होतं, त्याचं कापड फाटलेलं, खालचा काथ्या बाहेर आलेला. एरवी मी दहा वाक्यं ऐकवली असती. तशीच बसले आणि आले होते ते काम काढलं. "मृत्युपत्रावर साक्षीदार हवाय. सही कराल?"

"त्यात मला काही ठेवलंय का?"

"बुंधा."

"मग मला साक्षीदार होता येणार नाही. ज्याला काही मिळतं त्याने सही केली तर त्याचं मिळणं जातं. माझ्या बहिणीच्या वेळी असंच झालं, सही करून मी तिचा पियानो घालवला."

"मग बुंधा काढून घेते, सही करा."

"नको," मास्तर रोपाला गाठ मारत म्हणाले. "बुंधा असू दे. साक्षीदार दुसरा बघ." मला 'बघ' म्हणाले. मग घसा खाकरला. "आपल्या दोघांच्या सह्या एकाखाली एक चालतील असा दुसरा कागद असतो."

"कुठला?"

"नोंदणी कचेरीत मिळतो. पण आधी दोघांनी मिळून नोटीस द्यावी लागते."

मी म्हटलं, विचार करते. विचार करायला मला कुंपणाच्या फटीपर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढाच लागला. तिथूनच ओरडून हो म्हटलं. बसथांब्यावरच्या चार माणसांनी ते ऐकलं, त्यामुळे आता माघार नाही. त्या रात्री मी एकोणऐंशी वर्षांची बाई अंथरुणात पडून शाळकरी पोरीसारखी खुदखुदत होते.

कलम ९. वरील कलम ७ रद्द समजावं. मिस अख्तर म्हणाल्या, खोडून टाका. मी खोडणार नाही. मी काय लिहिलं होतं ते क्लिफर्डला कळू दे, त्याला हसायला आवडतं, हे मला परवा कळलं.

इथे आणखी एक लिहून ठेवते. नगरपालिकेला गेलेल्या पत्राची नक्कल मी झाड गेलं त्याच आठवड्यात वाचली होती. क्लिफर्डने फक्त दोन फांद्या छाटायला सांगितल्या होत्या. झाड पोकळ होतं, त्याला कोणी काय करणार? हे माहीत असून मी सगळ्या गावाला उलटं सांगितलं, कारण बाबांच्या झाडासाठी कोणाला तरी बोल लावायचा होता आणि तो सगळ्यात जवळ राहत होता. ही माझी चूक. चॅपलात उभं राहून सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे सांगते.

तेव्हा आता असं करावं. घर व बाग स्टुअर्टला, परंतु बुंधा उपटू नये. तो आपणहून कुजून बसेल तोवर त्याला बसू द्यावं. अक्रोडाचं लाकूड आहे, घाई करणार नाही. क्लिफर्ड नटल याला कुंपणातल्या फटीतून बुंध्यापर्यंत जाण्यायेण्याची हयातभर वहिवाट राहील, रोज चार वाजता, बुंध्याच्या चारला. फट त्याने काल स्वतः कात्रीने रुंद केली, आता माणूस सरळ चालत येतो. आम्ही दोन्ही घरं ठेवणार आहोत. या वयात कोणाच्या कपाटात कोणी हात घालू नये.

स्टुअर्टला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, मग गाडी रस्त्यावरच लावतो. पण लग्नात तुझा हात धरून मीच आत नेणार." त्याला लोणच्याची दुसरी बरणीही देण्यात यावी.

तिसरी बरणी क्लिफर्डला. तसंच माझ्या शिवणयंत्राच्या खणात घड्याळाच्या सेलचं पाकीट आहे, तेही त्याला. माझ्यामागे त्याने 'मेव्हिस' घड्याळ बंद पडू देऊ नये. चहा मात्र स्वतः प्यावा, थंड होऊ देऊ नये.

कलम १०. मिस अख्तर यांनी हे सगळं वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. महिन्याभराचा प्रश्न आहे. आधी लग्न करा, मग हे करा."

मी म्हटलं, "मिस अख्तर, या वयात आधी काय होईल ते कोणी सांगावं?"

त्या हसल्या आणि म्हणाल्या की कायद्यात त्यालाही वाट आहे. ती त्यांच्या शब्दांत अशी: हे मृत्युपत्र मी क्लिफर्ड जॉर्ज नटल यांच्याशी होऊ घातलेल्या माझ्या विवाहाच्या अपेक्षेने करीत असून, सदर विवाहाने ते रद्द होऊ नये असा माझा इरादा आहे. एवढं एक वाक्य मी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

नोटीस मागच्या मंगळवारी दिली. लग्न शनिवार २८ मार्च, सकाळी अकरा. कोणाचे अकरा यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी कचेरीतली बाई म्हणाली, तुम्ही दहाला या आणि काय ते ठरवा. दुसऱ्या दिवशी रविवारी घड्याळं पुढे जातील आणि सगळं गाव आमच्या वेळेवर येईल. ऑक्टोबरात ते परत मागे जाईल. जाईना का. आम्ही दोघं पुढेच राहू.

येणेप्रमाणे या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून आणि मधूनमधून हसून सही केली.

सही: मेव्हिस अ‍ॅग्नेस बार्लो

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हां दोघांनाही यात काही मिळालेलं नाही, लोणचंसुद्धा नाही.

साक्षीदार १: जॉयस रिग्बी, दुकानदार, ब्रॅकन ब्रो
साक्षीदार २: हॅरल्ड ग्रिमशॉ, निवृत्त बसचालक, गेल्या वर्षीच्या करंडकाचे मानकरी

ठिकाण: बाग, घर नंबर तीन, चॅपल रो, बुंध्यावर वही ठेवून
दिनांक: मंगळवार, ३ मार्च २०२६
वेळ: बुंध्याप्रमाणे चार, गावाप्रमाणे तीन

क्लिफर्ड नटल यांनी यावर सही केलेली नाही. ते आत्ताच दोन मग घेऊन फटीतून आत आले आहेत.